बियाणे बँक: पहिला डबा कोणत्या रानवनस्पतीचा?

समजा, तुमच्या बियाणे बँकेत दहाच डबे बसतात. जागा कोणाला द्याल? ‘सर्वांत दुर्मीळ वनस्पतीला’ हे उत्तर चटकन सुचते, पण आधी पाहा, बी वाळवल्यावर जगते का. बँकेत बी ३ ते ७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात. फणसाची आठळी एवढी वाळवली की मरते. सिंधुदुर्गातल्या बांबर्डे येथील दलदलीत जायफळाच्या कुळातली दुर्मीळ झाडे आहेत. त्यांचे बीही वाळवणे सोसत नाही. तिथे डबा वाया जाईल, दलदलच राखावी लागेल. (२०२१ मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ झाली, हे बरे झाले.)

याउलट रानभात. शेतकरी त्याला तण म्हणून उपटतात. पण त्याचे बी वाळवून वर्षानुवर्षे टिकते आणि लागवडीच्या भाताशी त्याचा संकर होतो. माझा पहिला डबा त्याचा. मात्र बी एकाच तळ्याकाठचे घेऊ नका. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘ग्रासी स्टंट’ विषाणूसाठी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा प्रतिकारशक्ती एकाच नमुन्यात सापडली: उत्तर प्रदेशातून आणलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानभातात.