सिकलसेल आणि विमानप्रवास

पूर्व विदर्भाला सिकलसेल नवा नाही. भंडाऱ्याहून नागपूर गाठून परदेशी निघणाऱ्यांच्या तयारीच्या यादीत मात्र तो क्वचितच असतो. विमानाच्या केबिनमधला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवतात. प्राणवायू कमी, हवा कोरडी. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या रक्तपेशी अडकून वेदना उसळायला एवढं पुरू शकतं. नुसते वाहक (एएस) असाल तर सहसा अडचण येत नाही. आजार (एसएस) असेल, तर काही आठवडे आधीच डॉक्टरांना भेटा, वाटेत ऑक्सिजन लागेल का तेही विचारा. पाणी घोट घोट पीत राहा, अंगावर स्वेटर असू द्या. सिकलसेलचं औषध हायड्रॉक्सीयुरिया हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

दुबईला ट्रामाडॉल, कोडीन ही वेदनाशामकं पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका. खसखशीवरही तिथे बंदी आहे, तेव्हा आईने दिलेली मसाल्याची पुडी तपासाच!

आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ११ जुलै २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. लस जिवंत विषाणूची असते, म्हणून हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच टोचून घ्यावी.