पाणी हेच खत: जिवंत मातीतला टोमॅटो, पाणी आणि खतपाणी

मागच्या भागात आपण जिवंत माती कशी तयार करायची ते बघितलं. त्यानंतर तुमचे जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त दोनच प्रकारचे होते. ‘पाणी किती घालू?’ आणि ‘खत कुठलं घालू?’ आज मी हे दोन्ही एकत्रच घेणार आहे, कारण जिवंत मातीत ते दोन वेगळे प्रश्न नाहीतच. कसं ते सांगतो.

सुरुवात एका निरोपापासून करू. पिंपरीचे एक काका आहेत, निवृत्त. सोसायटीने त्यांना गच्चीवर चौदा ग्रो बॅगा ठेवायला परवानगी दिलीय, पण फक्त मार्चपर्यंत. अट अशी की खालच्या मजल्याच्या छताला ओल दिसली तर सगळं त्याच दिवशी खाली उतरवायचं. काकांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झुडपी टोमॅटोची रोपं लावली. आता पानं पिवळी पडताहेत, फुलं गळताहेत, दोन फळांची बुडं काळी पडलीत. काका सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात आणि दर चार दिवसांनी जीवामृत. निरोपाच्या शेवटी ते म्हणतात, ‘आणखी काय घालू ते सांगा, माझ्याकडे एकच हंगाम आहे.’

काका, आणखी काही घालू नका. का ते आता नीट ऐका.

जिवंत मातीत आपण झाडाला जेवण वाढत नाही. कंपोस्टमधलं, पेंडीतलं नत्र झाडाला जसंच्या तसं खाता येत नाही. मातीतले जिवाणू आधी ते फोडतात, त्याचं अमोनियम करतात, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मुळांना मिळतं. थोडक्यात, स्वयंपाकघर मातीत आहे आणि आचारी जिवाणू आहेत. या आचाऱ्यांना ओल लागते, ऊब लागते आणि हवा लागते. माती कोरडी ठणठणीत झाली की ते झोपी जातात. माती चिंब राहिली की त्यांना हवा मिळत नाही. प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत साधारण 10,000 पट हळू पसरतो, त्यामुळे मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं आणि जिवाणू दोघंही गुदमरतात. इतकंच नाही, हवा नसताना वेगळेच जिवाणू जोर धरतात आणि तयार झालेलं नायट्रेट वायू करून उडवून लावतात.

म्हणजे काकांच्या बॅगेत खत भरपूर आहे, पण स्वयंपाकघर बंद आहे. झाड पिवळं पडतं, आपल्याला वाटतं उपाशी आहे, आपण आणखी पाणी आणि आणखी द्रव खत ओततो. चूल आणखी विझते.

दुसरी गोष्ट. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाण्याबरोबर वाहून जातं. काका, तुमच्या बॅगेखालून जे चहासारखं तपकिरी पाणी गच्चीवर पसरतंय ना, त्यातून तुमचं खतच चाललंय. तेच स्लॅबमध्ये मुरणार, आणि तेच सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघणार. झाडाचं भलं आणि शेजाऱ्याचं छत, दोन्हींसाठी नियम एकच: खालून पाणी गळता कामा नये. गळलंच तर चार थेंब. रासायनिक खतं वापरणारे मुद्दाम पाणी गळेपर्यंत घालतात, कारण त्यांना साठलेले क्षार धुऊन काढायचे असतात. आपल्याला उलट करायचंय.

मग किती घालायचं? अंगठ्याचा नियम असा धरा: मातीच्या घनफळाच्या 5 टक्के, फार तर 10. म्हणजे 20 लिटरच्या बॅगेला एका वेळी 1 ते 2 लिटर, आणि तेही वरची माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत सुकल्यावर. नवीन लावलेल्या रोपाला मात्र पहिले दहा-बारा दिवस 200-250 मिलिलिटर पुरतं, तेही खोडाला न चिकटवता, वीतभर लांब गोलाकार. मुळं ओलीच्या मागे जातात. खोडापाशीच रोज पाणी मिळालं तर ती तिथेच घोटाळतात.

ऑक्टोबरच्या उन्हात भरलेल्या झाडाला रोज पाणी लागेल. डिसेंबरमध्ये पुण्यात रात्री थंडी पडली की तेच झाड दोन दिवसांनी मागेल. कॅलेंडर बघून पाणी घालू नका. बोट घाला, बॅग एका बाजूने उचलून बघा, चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. आणि शंका असेल तर चार बोटं खोलवरची मूठभर माती काढून वळा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. लाडू वळतच नाही, भुगा होतो, तर कोरडी. पाणी गळतं, तर थांबा.

दुपारी पानं माना टाकतात, त्याने घाबरून जाऊ नका. दुपारी मुळं जेवढं पाणी खेचतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, एवढंच. संध्याकाळी सावली आली की बघा. सकाळीही झाड मान टाकूनच असेल, तर बोट घालून बघा. माती कोरडी असेल तर पाणी घाला. पण माती ओली असून झाड मलूल असेल तर मुळं गुदमरलीत, तिथे पाणी घालणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं.

आता उलटा प्रकार. गावाला गेलात, आठवडाभर पाणी नाही, माती दगड झाली. अशा मातीत एकदम दोन लिटर ओतलं तर काय होतं? बॅगेच्या कडेच्या फटीतून सगळं पाणी सरळ खाली. पालापाचोळ्याची, सेंद्रिय पदार्थाची माती खूप वाळली की पाणी धरत नाही, झटकून टाकते. अशा वेळी आधी एक कप शिंपडायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, परत एक कप, परत थांबायचं. चार हप्त्यांत माती पुन्हा प्यायला लागते.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. वाळलेली माती भिजली की जिवाणू एकदम जागे होतात आणि काही दिवस नत्राचा जणू पूर येतो. एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने 1958 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून हे मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसानंतर सगळं एका आठवड्यात हिरवंगार होतं, त्यात याचाही हात आहे. पण म्हणून मुद्दाम माती वाळवू नका. त्या पुराच्या वेळी झाड तहानेने अर्धमेलं असेल तर खाणार कोण?

काळ्या बुडाच्या फळांकडे येतो. यावर मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं ते म्हणजे, ‘कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं घाला.’ कॅल्शियम कमी आहे हे बरोबर, पण ते फळाच्या टोकाला, मातीत नव्हे. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं. पानांतून बाष्प जास्त उडतं म्हणून पाणी पानांकडे ओढलं जातं, फळाच्या वाट्याला कमी येतं. मध्येच कोरड, मध्येच पूर असं झालं की फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचतच नाही, तिथल्या पेशी मरतात आणि काळा, चामड्यासारखा डाग पडतो. मुळं गुदमरली तरी तेच. आपल्याकडच्या काळ्या मातीत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं, आणि टरफलं विरघळायला महिनेच्या महिने लागतात. काका, ती दोन फळं काढून टाका, पाणी एकसारखं करा, पुढची फळं नीट येतील.

एकसारखी ओल ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आच्छादन आहे. दोन-तीन इंच पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. खोडापासून दोन बोटं सोडून. फक्त आच्छादनाखाली बोट घालून बघायची सवय ठेवा, कारण वरून काहीच कळत नाही. आणि बॅग स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली विटा द्या. स्लॅबची उष्णता लागत नाही, हवा खेळते, आणि गळतंय का तेही दिसतं. खाली ताटल्या ठेवल्या असतील तर त्यात पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो.

पाणी कुठलं? नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची फार भीती घातली जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळापाशी प्रति लिटर किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन राहावं असं आहे. इतकी मात्रा वरच्या थरातल्या सेंद्रिय पदार्थातच खर्च होते. मनाला बरं वाटत असेल तर रात्रभर बादलीत ठेवा. माझ्या मते खरी काळजी करायची ती आरओ मशीनच्या टाकाऊ पाण्याची. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालतात, भावना चांगली आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. आणि आपण तर खालून काही गळू देत नाही, म्हणजे क्षार बॅगेतच साठणार. ते पाणी फरशी पुसायला वापरा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातही शक्य तेव्हा नळाचं किंवा पावसाचं मिसळा.

आता खत. झुडपी टोमॅटो, उदाहरणार्थ रोमा, वेलासारखा वर्षभर वाढत बसत नाही. लावणीनंतर महिनाभरात फुलावर येतो, दोन-सव्वादोन महिन्यांत फळ, आणि चार महिन्यांत खेळ संपतो. अशा झाडाला ‘उपाशी दिसलं की वाढू’ हे चालत नाही, कारण पेंड आज घातली तर ती शिजून झाडाला मिळायला दोन-चार आठवडे जातात. तोवर फुलं गळून गेलेली असतात. म्हणून शिदोरी आधीच बांधून द्यायची.

थोडा हिशोब करू. टोमॅटोचं झाड किलोभर फळामागे साधारण 3 ग्रॅम नत्र उचलतं. गच्चीवर 3 किलो फळ धरलं, तर 9 ग्रॅम. 20 लिटरच्या बॅगेत एक तृतीयांश चांगलं कंपोस्ट किंवा गांडूळखत असेल तर त्यातून एका हंगामात काही ग्रॅम नत्र सुटतं. उरलेलं पेंडीतून. निंबोळी पेंडीत नत्र 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 100 ग्रॅममध्ये 5 ग्रॅम, आणि त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त हंगामात कामी येतं. ही पेंड लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळून माती ओलसर ठेवायची. ताजी पेंड मुळांशी घातली तर ती तापते, अमोनिया सुटतो, कोवळी मुळं जळतात. मग पहिल्या कळ्या दिसल्या की, लक्षात घ्या, फुलं नव्हे, कळ्या, तेव्हा 50 ग्रॅम पेंड आणि दोन ओंजळी गांडूळखत आच्छादनाखाली पसरायचं, वर पाणी. झालं. पुढे काही नाही.

‘आणि जीवामृत?’ सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं प्रमाण तुम्हाला पाठ असेल: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर माती, आणि हे एका एकराला. मी शेण, गोमूत्र आणि बेसन यांतल्या नत्राची ढोबळ बेरीज केली तर ती 200 ग्रॅमच्या आसपास जाते. एका एकराला 200 ग्रॅम! कुंडीला आपण दहापट पातळ करून अर्धा लिटर घातलं तर ग्रॅमचा विसावा भाग. खत म्हणून हे काहीच नाही. ते विरजण आहे, आणि पाळेकरही त्याला विरजणच म्हणतात. विरजण एकदा लागतं, दूध असेल तर. दर चार दिवसांनी विरजण घालून दही घट्ट होत नाही. माझं मत विचाराल तर लावणीच्या वेळी एकदा आणि कळ्यांच्या वेळी एकदा, तेही त्या दिवशीच्या पाण्याऐवजी, पाण्याशिवाय वेगळं नव्हे.

राखेबद्दल दोन-तीन ताईंनी विचारलंय. पालाश मिळतं हे खरं, पण राख अल्कधर्मी असते आणि आपली बरीचशी माती आधीच तशी. चिमूटभर चालेल, वाटीभर नको. पालाशसाठी केळीच्या साली कंपोस्टात टाका.

तर काका, तुमच्यासाठी. उद्यापासून पाणी बंद, वरचा थर पेरभर सुकेपर्यंत. थंडीत तीन-चार दिवस लागतील, धीर धरा. जाड काडीने बॅगेत चार-पाच ठिकाणी हलकी भोकं करा, हवा जाईल. बॅगा विटांवर घ्या, आच्छादन थोडे दिवस बाजूला सारा, माती वाफशावर आली की परत घाला. जीवामृत बंद. त्यानंतर सकाळी एकदाच, एक लिटर, लागेल तेव्हाच. जुनी पिवळी पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. शेंड्याची नवीन पानं बघा. आठ-दहा दिवसांत ती ताजी हिरवी आली तर स्वयंपाकघर सुरू झालं. फळं पिकायला लागल्यावर खालची पानं पिवळी पडतील, ते वय आहे, आजार नव्हे.

आणि फेब्रुवारीअखेर झाड उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं आत कुजू द्या, वर मूठभर मेथी टाका. बॅगा खाली उतरवाव्या लागल्या तरी सावलीत, आच्छादन घालून ठेवा आणि आठवड्यातून एकदा लिटरभर पाणी द्या. पुढच्या ऑक्टोबरला पेंड निम्मी लागेल.