पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर चित्र कसे उमटते?

खास प्रतिनिधी

वाढदिवसाची भेट, शाळेच्या स्नेहसंमेलनातील पारितोषिक किंवा दिवंगत आप्ताचे स्मरणचित्र यांसाठी काचेसारख्या दिसणाऱ्या अ‍ॅक्रिलिकवर छपाई करून घेण्याची पद्धत आता रुळली आहे. कपावर वा टी-शर्टवर छायाचित्र उमटविणारा छोटा व्यावसायिक साहजिकच त्याच यंत्रावर हेही काम घेऊ पाहतो. मात्र बाजारातील साधी अ‍ॅक्रिलिकची शीट आणून तापयंत्राखाली ठेवली, तर शीट वाकते, कागद चिकटतो आणि भांडवल वाया जाते. असे का होते, हे समजण्यासाठी या छपाईमागील शास्त्र पाहणे आवश्यक आहे.

कापराचा गुणधर्म

देवघरातील कापूर उघडा राहिला, तर तो वितळत नाही; हळूहळू नाहीसा होतो. घन पदार्थाचे द्रव न होता थेट वायूत रूपांतर होण्याच्या या क्रियेस संप्लवन म्हणतात. 'डिस्पर्स' जातीच्या रंगद्रव्यांतही हा गुण असतो. १९५७ मध्ये फ्रान्समधील नोएल द प्लास यांनी त्याचा उपयोग कापडाच्या छपाईसाठी करता येईल, हे दाखविले.

या पद्धतीत चित्र प्रथम खास कागदावर छापले जाते. नंतर तो कागद वस्तूवर ठेवून साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअस तापमानाला दाबतात. रंगाची वाफ होते, उष्णतेने सैल झालेल्या पॉलिएस्टरच्या रेणूंमध्ये ती शिरते आणि वस्तू थंड होताच तेथेच अडकून पडते. म्हणूनच हे चित्र हाताला लागत नाही व सहज खरवडले जात नाही. सुती कापड हा रंग धरून ठेवत नाही. चिनी मातीच्या कपावरही त्यासाठी आधी पॉलिमरचा लेप द्यावा लागतो.

अडचण तापमानाची

अ‍ॅक्रिलिक १९३३ मध्ये जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' या नावाने बाजारात आले. ते सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देते आणि त्याचे वजन काचेच्या निम्म्याहून कमी असते. परंतु ते साधारण १०५ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. रंगाची वाफ होण्यापूर्वीच शीट आपला आकार सोडते, हीच खरी अडचण होय. मऊ पृष्ठभागावर कागदाचा पोत उमटतो. शीटमध्ये ओलावा असल्यास बुडबुडे येतात. पावसाळ्यात हा धोका वाढतो.

यावर उपाय म्हणजे संप्लवन छपाईसाठी खास लेप दिलेली शीट वापरणे. तिच्यासाठी उत्पादकाने सांगितलेले तापमान, वेळ व दाब काटेकोरपणे पाळावा लागतो. छपाईनंतर शीट सपाट जागी, वजनाखाली सावकाश थंड होऊ द्यावी. खोलीत हवा खेळती असणेही गरजेचे आहे.

पांढरा रंग कोठून आणायचा?

संप्लवन छपाईत पांढरी शाई नसते. कपावरील चित्रात दिसणारा पांढरा रंग हा कपाचाच असतो. पारदर्शक शीटवर मात्र पांढऱ्या साडीच्या जागी मागची भिंत दिसू लागते आणि चेहरा फिका पडतो. त्यासाठी चित्रामागे पांढरा थर द्यावा लागतो. चित्र शीटच्या मागील बाजूस घेऊन समोरून पाहायचे असेल, तर कागदावर ते नेहमीसारखे उलटे न छापता सुलटे छापावे लागते. ही बाब विसरल्यास नावाची अक्षरे उलटी येतात.

दुसरा मार्ग यूव्ही छपाईचा. त्यात शाई थेट शीटवर पडते व अतिनील प्रकाशाने लगेच सुकते. उष्णतेच्या दाबयंत्राची गरज नसते आणि पांढरी शाईही वापरता येते. मात्र रंग पृष्ठभागावरच राहत असल्याने तो खरवडला जाण्याची शक्यता असते.

ग्राहकांनी काय पाहावे?

काम देताना छपाई कोणत्या पद्धतीची आहे आणि मागे पांढरा थर आहे का, हे विचारावे. संप्लवन छपाईचे रंग उन्हाने फिके होतात. त्यामुळे चित्र ऊन येणाऱ्या खिडकीसमोर लावू नये. अल्कोहोल किंवा अमोनिया असलेल्या द्रवाने अ‍ॅक्रिलिक पुसल्यास त्यावर बारीक तडे जाऊ शकतात. मऊ ओले फडके पुरेसे असते. व्यावसायिकांनीही मोठी मागणी स्वीकारण्याआधी त्याच शीटचा एक नमुना छापून पाहणे हिताचे.

स्मरणचित्राच्या बाबतीत मूळ छायाचित्र जपून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. अ‍ॅक्रिलिकची पाटी पुन्हा करून घेता येते. हरवलेले छायाचित्र परत मिळत नाही.