‘करंट येतोय, म्हणजे पंपच गेला’

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी काही चालू होत नाही. मागच्या सीटखालचा फ्युएल पंपाचा सॉकेट काढला जातो, मीटर लावला जातो, 12 व्होल्ट दिसतात आणि निकाल लागतो: ‘करंट येतोय, म्हणजे पंपच गेला.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याच्या हातातला मीटर काढून घ्यावासा वाटतो.

अहो, मीटर करंट दाखवतच नव्हता. तो व्होल्टेज दाखवत होता, तेही पंप सोडवलेला असताना. डिजिटल मीटरचं माहितीपत्रक उघडून पाहा. त्याचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम असतो. म्हणजे 12 व्होल्ट मोजताना त्यातून जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर वाहतो. पंपाला लागतात 5 अँपिअरच्या आसपास, सुमारे 40 लाख पट! वायरीची एकच तार शिल्लक असली, बाकी सगळ्या कुजल्या असल्या, तरी मीटर खुशाल 12 दाखवेल. पंप जोडला की मात्र बोंब. सडक्या जोडात अर्धा ओहम रोध असेल आणि 5 अँपिअर वाहत असतील, तर अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. कंटिन्युइटीची ‘बीप’ही याच कारणाने फसवते.

म्हणून सॉकेट परत जोडा आणि मागच्या बाजूने पिना घालून, पंपावर भार असताना मोजा. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी पंपाच्या प्लस वायरीला. जो आकडा येईल, तितके व्होल्ट वाटेत गळतायत. अर्धा व्होल्ट चालेल, दोन नाही. मग पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तसंच मोजा. ही अर्थिंगची बाजू कोणी बघतच नाही, आणि कोकणातल्या चार पावसाळ्यांनी बॉडीवरचा तो एक नट हिरवा पडलेला असतो. सॉकेट जोडलेला असताना पंपाच्या दोन टोकांमध्ये पुरेसे व्होल्ट आहेत आणि तरीही पंप गप्प आहे, तरच दोष पंपाचा.

मीटरवर भरवसा नसेल तर हेडलाइटचा जुना एच-4 बल्ब घ्या. त्याची 60 वॉटची फिलामेंट 12 व्होल्टला 5 अँपिअर खाते, जवळपास पंपाइतकेच. सॉकेटवर तो लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, मिणमिणला तर नाही.

‘पण नवा पंप टाकल्यावर गाडी चालली ना!’ चालली, कारण सॉकेट काढताघालताना पिनांवरचा गंज खरवडला गेला. महिन्याभराने तीच गाडी पुन्हा टो करून येते आणि मग ‘डुप्लिकेट पंप मिळाला’ म्हणून दुकानदाराला शिव्या.

बाकीचे समज किरकोळ आहेत. चावी फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद वाजून थांबतो, तो बिघाड नव्हे. इंजिन फिरत नाही असं दिसलं की ईसीयू त्याला मुद्दाम बंद करतो, त्यामुळे तेवढ्या वेळात मोजणं जमत नसेल तर रिले काढून त्याच्या 30 आणि 87 या जागा फ्यूज असलेल्या वायरीने जोडा (हे आकडे डीआयएन 72552 या जर्मन मानकातले आहेत आणि बऱ्याच रिलेंवर छापलेले असतात). रिले ‘टिक’ वाजला म्हणजे फक्त कॉइल जिवंत, आतले पॉइंट जळलेले असू शकतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून 15 च्या जागी 30 चा घालणाऱ्याने पुढे फ्यूजऐवजी वायर जळणार हे धरून चालावं. फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच असतो. खड्ड्यात आपटल्यावर गाडी गप्प झाली तर आधी त्याचं बटण दाबून बघा.

टाकीला खालून ठोकल्यावर पंप सुरू झाला, तर मात्र जुनी मंडळी बहुधा बरोबर असतात. मोटरचे ब्रश झिजलेत, पंप मागवा. आणि तो बसवायला टाकी उघडाल तेव्हा बल्ब, वायरी, ठिणग्या सगळं आधी लांब ठेवा.