तिसऱ्या जागेचा प्रश्न : लुईस कँटली आणि पेशीतले स्निग्ध संकेत

मागच्या व्याख्यानात आपण थॉमस कुन यांच्या ‘अपवाद’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. प्रस्थापित चौकटीत न बसणारी एखादी गोष्ट समोर येते, बहुतेक जण ती बाजूला ठेवतात, आणि कधीतरी कुणीतरी ती उचलतो. हे ऐकायला सोपे वाटते. पण प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला ‘हा अपवाद आहे’ हे कळते कसे? तो मळाचा डाग आहे, हाताची चूक आहे, की नवे सत्य आहे? आज आपण या प्रश्नाचे एक खरे उदाहरण पाहणार आहोत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, जीवशास्त्र नव्हे. तेव्हा रसायनशास्त्र लागेल तेवढेच घेऊ, पण जेवढे घेऊ तेवढे नीट घेऊ.

उदाहरण आहे लुईस कँटली या अमेरिकन शास्त्रज्ञाचे. जन्म १९४९ चा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातला. पदवी तिथल्याच वेस्लियन कॉलेजातून, रसायनशास्त्रात. १९७५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून जैवभौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट. पुढे हार्वर्ड, टफ्ट्स, पुन्हा हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय, आणि २०१२ पासून काही वर्षे न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल येथील कर्करोग केंद्राचे संचालकपद. २०१३ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले, तेव्हाच्या अकरा मानकऱ्यांत ते होते. कारकिर्दीचा सांगाडा एवढाच. आता त्यात जीव कुठे आहे ते बघू.

सुरुवात एका अशुद्धीपासून करू. १९७० च्या दशकात कँटली हार्वर्डला गुइडो गुइडोटी यांच्या प्रयोगशाळेत पेशीपटलातल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर काम करत होते. हा पंप एटीपी या रसायनातल्या ऊर्जेवर चालतो. प्राण्यांच्या स्नायूंपासून तयार केलेला एटीपी वापरला की पंप मंदावायचा. दुसऱ्या प्रकारचा वापरला की मंदावायचा नाही. एटीपी तर एटीपीच. मग फरक का? सोपा मार्ग असा, की दुसरी बाटली वापरावी आणि पुढे जावे. कँटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फरकाचाच पाठलाग केला आणि १९७७ मध्ये दाखवून दिले की स्नायूंच्या एटीपीत व्हॅनॅडियम धातूचे एक संयुग, व्हॅनॅडेट, अल्प प्रमाणात मिसळलेले असते आणि तेच पंपाला रोखते. पुढे व्हॅनॅडेट हे जगभरच्या प्रयोगशाळांत नेहमीचे हत्यार झाले. त्याचा आणखी एक गुण लक्षात ठेवा : पेशींवर त्याचा परिणाम काही बाबतींत इन्शुलिनसारखा होतो. इन्शुलिन आपल्या गोष्टीत परत येणार आहे.

आता मुख्य विषय. पेशीभोवती जे पटल असते ते स्निग्ध रेणूंचे, म्हणजे लिपिडांचे. बराच काळ समज असा होता की हे लिपिड म्हणजे घराची भिंत. भिंतीचे काम आत-बाहेर वेगळे ठेवणे. निरोप पोचवण्याचे काम प्रथिनांचे. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याला कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांत वेगळेच दिसले. कापांना असेटिलकोलीन दिले की पटलातल्या काही लिपिडांत फॉस्फेट झपाट्याने शिरत होते. भिंत निरोपाला प्रतिसाद देत होती! तरी हे सगळे कशासाठी, हे समजायला तीस वर्षे गेली. १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पटलातला एक लिपिड तुटतो आणि त्याचा सुटा झालेला तुकडा पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर काढतो.

या लिपिडाचे नाव लांबलचक आहे. आपण त्याला इनोसिटॉल लिपिड म्हणू. त्याच्या डोक्यावर सहा कार्बनांचे एक कडे असते आणि कड्यावर फॉस्फेट बसण्याच्या जागा असतात. त्या काळी माहीत होते की नवे फॉस्फेट बसते ते चौथ्या आणि पाचव्या जागेवर. चित्र पूर्ण झाले होते. पुस्तकांत छापले गेले होते. आणि नेमके अशाच वेळी अपवाद दिसणे सर्वांत अवघड असते, बरं का.

कँटली यांचा गट आणि टॉम रॉबर्ट्स यांच्यासारखे सहकारी तेव्हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूंच्या प्रथिनांचा अभ्यास करत होते. १९८५ मध्ये त्यांनी एक निष्कर्ष मांडला : पॉलिओमा विषाणूचे ‘मिडल टी’ नावाचे प्रथिन पेशीला कर्करोगी बनवते तेव्हा त्याच्यासोबत एक विकर चिकटलेले सापडते, आणि ते विकर इनोसिटॉल लिपिडाला फॉस्फेट जोडते. मिडल टीचे जे बदललेले प्रकार पेशीला कर्करोगी करू शकत नाहीत, त्यांच्याबरोबर हे काम सहसा दिसत नाही. म्हणजे कर्करोगाचा आणि या स्निग्ध रेणूचा काहीतरी संबंध होता.

पण अडचण होती. पेशीत असले फॉस्फेट जोडणारी दोन विकरे होती. एक भरपूर, दुसरे अगदी थोडे. कर्करोगी प्रथिनाशी चिकटत होते ते थोडे असलेले. भरपूर असलेले विकर फॉस्फेट चौथ्या जागी बसवते हे ठाऊक होते. मग थोडे असलेलेही तेच करत असणार, असे कुणीही मानले असते.

हे तपासायचे कसे? शाळेत आपण टीपकागदावर शाईचा ठिपका टाकून त्याचे टोक पाण्यात बुडवायचो, आणि एका शाईतले निरनिराळे रंग वेगवेगळ्या उंचीवर चढायचे. तत्त्व तेच. दोन्ही विकरांनी तयार केलेले लिपिड पातळ थर दिलेल्या काचेवर चढवले, तर ठिपके जवळजवळ एकाच उंचीवर येत. जवळजवळ. अगदी एकाच नाही. माल्कम व्हिटमन या विद्यार्थ्याने आणि ब्रिटनमधले पीटर डाउन्स यांच्यासह इतर सहकाऱ्यांनी त्या ‘जवळजवळ’चा छडा लावला. रेणूचे तुकडे करून, अधिक सूक्ष्म पद्धतीने वेगळे करून १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी जाहीर केले : हा फॉस्फेट चौथ्या जागी नाही, तिसऱ्या जागी आहे. असा रेणू पेशीत असतो हे तोवर कुणाला ठाऊक नव्हते. त्या विकराला पुढे ‘पीआय ३-कायनेज’ हे नाव मिळाले.

इथे आपल्याला न्यायदर्शनाची मदत होते. गौतमाच्या सोळा पदार्थांत ‘संशय’ हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. परंपरेतले उदाहरण तुम्हाला माहीत आहे : संधिप्रकाशात दूर काहीतरी उभे दिसते, खांब आहे की माणूस? उंची दोघांची सारखी. वेगळेपण दाखवणारी खूण दिसत नाही. हा संशय. पण गंमत पाहा, ज्याने आधीच ‘तो खांबच’ असे ठरवले आहे त्याला संशय येतच नाही. म्हणजे संशय ही बुद्धीची दुर्बळता नव्हे. ती कमवावी लागते. त्यासाठी समोरच्या वस्तूला दुसरी शक्यता देण्याची तयारी लागते. नैयायिकांनी संशयाला तपासाचा आरंभ मानले ते याच अर्थाने. आणि लगेच दुसरी अट : संशय तिथेच सोडायचा नसतो, निर्णयापर्यंत न्यायचा असतो. नुसता संशय घेणारे पुष्कळ असतात. काचेवरचा ठिपका खरवडून काढून पुन्हा तपासणारे थोडे.

शोध लागला म्हणून लगेच टाळ्या पडल्या नाहीत. अनेकांचा आक्षेप होता की इतक्या अल्प प्रमाणातला रेणू काय महत्त्वाचा असणार? शिवाय बेरिज यांच्या मार्गात लिपिड तुटून संकेत तयार होतो, आणि हे तिसऱ्या जागेचे लिपिड त्या विकराने तुटतच नव्हते. मग ते करते काय?

उत्तर हळूहळू मिळाले. हे लिपिड तुटत नाही, ते जागच्या जागी राहूनच काम करते. आपल्याकडे घराच्या दारावर तोरण लागले, अंगणात मांडव पडला, की गावाला कळते : इथे कार्य आहे. वाजंत्री, आचारी, पाहुणे तिथे येतात. तोरण स्वतः काही शिजवत नाही. ते जागा दाखवते. तसेच हे. बाहेरून इन्शुलिनचा निरोप आला की पीआय ३-कायनेज पटलाच्या आतल्या बाजूला हे लिपिड तयार करते, आणि पेशीत तरंगणारी ‘एकेटी’सारखी प्रथिने तिथे येऊन चिकटतात आणि कामाला लागतात. त्यामुळे स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी दारे पृष्ठभागावर येतात, पेशी वाढते, तग धरते.

आणि कार्य उरकले की तोरण उतरवायला हवे. ते काम ‘पीटेन’ नावाचे प्रथिन करते. पीटेनचे जनुक १९९७ मध्ये सापडले ते अनेक कर्करोगांत हरवलेले जनुक म्हणून. १९९८ मध्ये कळले की पीटेन नेमका तिसऱ्या जागेवरचाच फॉस्फेट काढून टाकते. २००४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दाखवले की खुद्द पीआय ३-कायनेजच्या जनुकात अनेक गाठींमध्ये बदल झालेले असतात. तोरण लावणारा थांबत नाही, किंवा उतरवणारा नाहीसा होतो. दोन्हीचा परिणाम एकच, वाढ थांबत नाही. ज्या रेणूला क्षुल्लक म्हटले होते, त्याची जागा कर्करोगाच्या आणि मधुमेहाच्या दोन्ही शास्त्रांच्या मध्यभागी निघाली.

मग औषधे आली. २०१४ मध्ये इडेलालिसिब काही रक्ताच्या कर्करोगांसाठी, २०१९ मध्ये अल्पेलिसिब स्तनाच्या विशिष्ट प्रकारच्या कर्करोगासाठी, तेही ज्या रुग्णांच्या गाठीत या जनुकाचा बदल आहे त्यांच्यासाठी. पण ही विजयगाथा नाही. इडेलालिसिबमुळे यकृत, आतडी, फुप्फुसे यांना गंभीर त्रास होऊ शकतो, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत त्याचे काही उपयोग कंपनीने मागे घेतले. अल्पेलिसिबने रक्तातली साखर वाढते. का वाढते, हे आता तुम्हीच सांगू शकाल : जो मार्ग गाठीत बंद करायचा, तोच मार्ग यकृतात आणि स्नायूंत इन्शुलिनचा निरोप नेतो.

कँटली यांच्या गटाने २०१८ मध्ये यातली पुढची गाठ दाखवली. औषधाने साखर वाढते, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडते, आणि ते इन्शुलिन गाठीतला बंद केलेला मार्ग पुन्हा थोडा उघडते. उंदरांमध्ये पिष्टमय पदार्थ अगदी कमी केलेला आहार औषधासोबत दिला, तेव्हा औषध अधिक चांगले चालले. म्हणजे शरीर हे सुट्या भागांचे यंत्र नव्हे. एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडून उत्तर येते.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले : मग साखर आणि भात सोडला की कर्करोगापासून सुटका, असे म्हणायचे का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगणे आपल्याला आवश्यक वाटते, कारण मोबाइलवर असे निरोप रोज फिरतात आणि आजारी माणसाच्या घरात ते आशेने वाचले जातात. त्याच संशोधनात रक्ताच्या एका कर्करोगाच्या उंदरांना नुसता तो आहार, औषधाविना दिला, तेव्हा रोग उलट लवकर वाढला. एकच गोष्ट औषधासोबत उपकारक आणि एकटी अपायकारक. शिवाय उंदरांवरचा निष्कर्ष हा माणसांसाठी प्रश्न असतो, उत्तर नव्हे. उपचार चालू असलेल्याने आहारातला मोठा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

दुसरा प्रश्न होता : १९८८ ते २०१९, म्हणजे एकतीस वर्षे. एवढा वेळ समाजाने का थांबावे?

कारण १९८८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे औषध शोधायला कुणी बसलेच नव्हते. प्रश्न एवढाच होता की फॉस्फेट तिसऱ्या जागी आहे की चौथ्या. ‘याचा उपयोग काय?’ असे त्या दिवशी विचारले असते तर प्रामाणिक उत्तर ‘ठाऊक नाही’ हेच होते. असे प्रश्न विचारणाऱ्यांना पगार, जागा आणि धीर देणारा समाजच पुढे औषधांपर्यंत पोचतो. आपल्याकडच्या विद्यापीठांत एखादी मुलगी काचेवरचे दोन ठिपके पाहून म्हणाली, ‘सर, हे दोन अगदी सारखे नाहीत,’ तर तिला ‘पुढे चल’ म्हणायचे की ‘पुन्हा करून बघ’ म्हणायचे, हे ठरवणे आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी आपण ‘निर्णय’ या पदार्थाकडे वळू : संशय संपला असे केव्हा म्हणायचे?