भीमाशंकरचं हिरवं भूत

पावसाळी अमावस्येची रात्र. भीमाशंकरच्या जंगलात टॉर्च विझवून थोडा वेळ गप्प उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की पायाजवळचं कुजकं लाकूड हळूहळू हिरवट उजळतं. मग शेजारची फांदी, मग पालापाचोळा. हात लावलात तर चटका नाही. लाकूड ओलं, गारच!

हे भूत नव्हे, बुरशी. मायसीना गटातली. लाकूड कुजवता कुजवता ती ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य बनवते. ल्युसिफरेज हे विकर आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्यातून प्रकाश निघतो. काजव्याचीही युक्ती अशीच, रसायन तेवढं वेगळं. काजवा लुकलुकतो, ही मात्र संथ तेवत राहते.

पण कशासाठी? २०१५ साली ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगाची गंमत ऐका. त्यांनी रेझिनच्या खोट्या अळंब्या केल्या आणि काहींत हिरवे एलईडी लावले. उजेडाच्या अळंब्यांकडे कीटक जास्त आले! बीजाणू वाहायला फुकटचे हमालच म्हणा ना. सगळ्याच चमकत्या बुरशींचं असंच असेल असं मात्र नाही.

बघायला जाल तर मोठ्यांसोबत, वनखात्याची परवानगी घेऊन जा. आणि ते लाकूड खिशात घालून घरी आणू नका. वाळलं की ते विझतं.