गाजरगवत, बिब्बा आणि अंगाची खाज : ॲलर्जी म्हणजे काय?



लागण, खोडवा, खतांचे हप्ते हे विषय या पानावर नेहमी येतातच. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. पानशेतच्या काठाने असो की भोरच्या शिवारात, गटात फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, खुरपायला गेलं की तोंड सुजतं, हात फुटतात. हे पिकामुळं की गवतामुळं?" प्रश्न साधा आहे, पण त्यापायी कित्येकांची मजुरी बुडते आणि झोप जाते. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

सगळी खाज सारखी नसते

पाचट काढताना उसाची कूस टोचते. रानात खाजकुइली लागली की कोणीही अंग खाजवत सुटतो. ही ॲलर्जी नव्हे. बारीक लव कातडीत घुसते म्हणून खाजते. ती कोणालाही होते आणि लव निघून गेली की थांबते.

ॲलर्जी मात्र माणूस पाहून होते. बिब्ब्याचेच पाहा. एकाचे थोडक्यात निभावते, दुसऱ्याला मात्र नुसते तेल लागले तरी बिब्बा उततो, फोड येतात, पाणी सुटते. आंबा आणि काजू हे बिब्ब्याच्याच कुळातले. म्हणून बिब्बा उतणाऱ्या काहींना कैरीचा चीक किंवा काजूच्या टरफलाचे तेलही सोसत नाही.

राखणदार चुकतो तेव्हा

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी राखण असते. राखणदाराने चोर सोडून पाहुण्यालाच काठी हाणावी, तसा प्रकार ॲलर्जीत होतो. इतरांना न बाधणाऱ्या वस्तूवर शरीर तुटून पडते. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द रूढ केला. अशा प्रकृतीचा कल घराण्यात चालत येऊ शकतो, पण बापाला जे बाधते तेच मुलाला बाधेल असे नाही.

तिचे मुख्य दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला तडकाफडकी येणारा. परागकण, धूळ, शेंगदाणा, मधमाशीचा डंख, एखादे औषध यांमुळे काही मिनिटांतच शिंका, अंगावर पित्त उठणे, दम लागणे सुरू होते. शरीरात हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते, त्याचा हा परिणाम.

दुसरा प्रकार सावकाश येणारा. गाजरगवताचा त्वचारोग यातला. संपर्क आल्यावर एक ते तीन दिवसांनी तो दिसतो. सोमवारी खुरपले, बुधवारी चेहरा सुजला आणि दोष मात्र मंगळवारच्या वांग्याच्या भाजीवर, असे घरोघरी घडते. शिवाय शरीराची त्या वस्तूशी आधी ओळख व्हावी लागते. त्यामुळे "इतकी वर्षं खुरपतोय, काही झालं नाही" हा भरवसा खरा नाही. दहा वर्षांनीही ॲलर्जी सुरू होऊ शकते, आणि एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते.

पाहुणे गवत

गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या पुण्यात १९५५ साली त्याची ठळक नोंद झाली. पीएल ४८० च्या गव्हातून ते आले असे सर्रास सांगतात, पण भारताशी तो करार झाला १९५६ साली, म्हणजे नोंदीनंतर. १९७४ साली डॉ. लोणकर व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या गवताने होणाऱ्या त्वचारोगावर निबंध प्रसिद्ध केला.

या गवताच्या पानाखोडावरच्या लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. हिरव्या झाडाचा रस लागून त्रास होतोच, पण वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्याने उडून पापण्या, चेहरा, मान, कोपराचे वळण अशा उघड्या भागांवर बसते. परागकणांनी शिंका आणि दमाही उठतो.

काय करावे?

१. फुलावर येण्यापूर्वीच, ओल असताना मुळासकट उपटावे. एक झाड हजारो बिया टाकते.
२. उघड्या हाताने उपटू नये. हातमोजे, लांब बाह्या, तोंडाला रुमाल हवा. ज्यांना त्रास आहे त्यांना या कामाला लावूच नये.
३. उपटलेले गवत जाळू नये. फुलापूर्वीचे गवत कंपोस्ट खड्ड्यात घालावे.
४. घरी येताच साबणाने हातपाय-तोंड धुवावे, कामाचे कपडे वेगळे धुवावेत.
५. पडीक जागेत टाकळा वाढू द्यावा. तो गाजरगवताला मागे रेटतो. १९८४ साली बंगळूरला सोडलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात याची पाने खातात. पानांवर ते दिसले तर फवारून मारू नयेत.

त्रास झाल्यास त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. पाठीवर पट्ट्या चिकटवून नेमके काय बाधते ते तपासता येते. दुकानातून स्टेरॉईडचे मलम आणून महिनोन्‌महिने चोळू नये, कातडी पातळ होते. त्यावर बिब्बा किंवा चुना लावणे तर आगीत तेल ओतणेच. डंख, औषध किंवा खाण्यानंतर ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, चक्कर आली तर घरगुती उपायात वेळ न दवडता १०८ ला फोन करावा. तिथे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन जीव वाचवते.

बगॅसजवळ काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. साठवलेल्या, बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाचा असाच विकार होतो. तिथे मास्क लावावा, आणि ताप, खोकला, धाप वारंवार येत असल्यास डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगावे.

शेवटी एवढेच, की आपला बांध साफ केला आणि शेजारच्या चारीवर गवत फुलले तर उपयोग नाही. बी वाऱ्याने येते, पाण्याने येते. पानशेतचे पाणी खडकवासल्यातून पुढे कालव्याने दौंड-इंदापूरपर्यंत जाते, तसे काठावरचे बीही जाते. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह असतो. त्या आठवड्यात गटातील सर्वांनी मिळून चाऱ्या, रस्ते आणि शाळेचे आवार साफ करावे. खुरपणाऱ्या आयाबहिणींना हातमोजे देणे हा खर्च फार नाही. मजुरीच्या हिशेबात तो आधी धरावा.

— ऊस विकास अधिकारी